जुन्या गिटारीचे मोल

नवी वस्तू विकत घेणे हे तसे सोपे काम. तिच्या अंगावर किमतीची चिठ्ठी असते, दुकानदार पावती देतो, आणि काही बिघडलेच तर परत जाण्यास एक दार उघडे असते. जुन्या वस्तूचे तसे नाही. ती किती वर्षे घरात होती हे विकणाऱ्यास ठाऊक असते. आपल्या खिशात किती आहे हे घेणाऱ्यास ठाऊक असते. पण ती वस्तू मुळात काय आहे, हे पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसते. जुने कपाट किंवा जुनी सायकल घेताना ही अडचण फारशी बोचत नाही. वाद्य घेताना मात्र बोचते. कारण वाद्याचे मोल त्याच्या आवाजात असते, आणि मोडलेले वाद्य बोलत नाही.

मुंबईस गिरगावात खोताची वाडी नावाची जुनी वस्ती आहे. लाकडी जिने, उतरती कौले, पुढे छोटा व्हरांडा अशी तेथील घरे. त्या वाडीजवळच्या एका खोलीत एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत असत. शेजारपाजारची मुले त्यांना ‘आंटी’ म्हणत. त्यांचे यजमान गोव्याहून मुंबईस आलेले वादक. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कितीतरी वादकांनी आपले आयुष्य वेचले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे जाणकारांना ठाऊक असतात. पण बहुतेकांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत. आंटींचे यजमान त्या बहुतेकांपैकी एक. ते गेल्यावर त्यांची गिटार काळ्या पेटीत घालून कपाटावर ठेवली गेली आणि तेथेच राहिली.

शेजारच्या चाळीत सातवीत शिकणारी एक मुलगी होती. गिटार शिकावी हा तिचा ध्यास. दोन दिवाळ्यांची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे मिळून तिच्याजवळ अडीच हजार रुपये साठले होते. नवी गिटार पाहण्यासाठी ती वडिलांबरोबर एकदोन दुकानांतून हिंडून आली होती. परंतु तेवढ्या पैशांत जे मिळत होते त्याचा झगझगीत रंगच काय तो पाहण्यासारखा होता. आंटींच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनाही पैशांची निकड होती. पावसाळ्यापूर्वी छपराचे काम करून घ्यायचे होते. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे आहे एक. मोडकी आहे. अडीच हजार दे नि घेऊन जा. पण आधी कोणा मिस्त्रीला दाखव हो, नाहीतर मागाहून मला बोल लावशील.”

ग्रँट रोडच्या बाजूला एका जिन्याखाली वाद्ये दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसत. त्यांचा हात मुळात सतार आणि तंबोऱ्यावर बसलेला. म्हणून गिटारीच्या भागांनाही ते तीच नावे देत. वरची फळी ती तबली, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, आणि दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे. त्यांनी पेटी उघडली, पण तारेला बोट लावले नाही. प्रथम त्यांनी गिटार डोळ्यांच्या रेषेत धरली आणि सुतार फळी पारखतो तशी दांड्याच्या टोकाकडून नजर फिरवली. दांडा वाकला असेल तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीहूनही वर जातो. दांडा सरळ होता.

मग त्यांनी तबलीवर बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. तबलीच्या पोटाशी, आतल्या बाजूने, बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांपैकी एखादी सुटली असेल तर टिचकीसरशी आतून खरखर ऐकू येते. मुंबईची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सरसाला मानवत नाही. एका जागी तशी खरखर आलीच. मिस्त्रींनी तेथे खडूने खूण केली.

खरे दुखणे घोडीचे होते. ती मागच्या कडेने नखभर उचलली गेली होती आणि तिच्यापाठी तबलीला पोट आले होते. मिस्त्रींनी तारा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. सहांपैकी तीनच तारा उरल्या होत्या, आणि त्या पोलादी होत्या. “ही नायलॉनच्या तारांची गिटार,” ते म्हणाले, “हिला लोखंडी तारा कोणी चढवल्या?” मागे कोणा भाच्याने हौसेने चढवल्या होत्या. हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण देतात. नायलॉनच्या तारांचा ताण ४० किलोंच्या आसपास असतो. जे अंग चाळीस किलो पेलण्यासाठी घडवले आहे त्याच्यावर सत्तर किलो लादले, तर ते आज नाही तरी उद्या सुटणारच. जुन्या गिटारींचा पुष्कळ नाश या एकाच चुकीने होतो.

त्यांनी एक तार मोकळी छेडली, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडली. बाराव्या पडद्यापाशी तारेची लांबी बरोबर निम्मी होते. तेव्हा तेथे तोच स्वर वरच्या सप्तकात निघाला पाहिजे. तो किंचित चढा निघाला. घोडी बसवली आणि तारांची उंची उतरवली की हा दोष जाईल, असे त्यांनी सांगितले. मुलगी हे सारे श्वास रोखून पाहत होती. दोष जसजसे निघत गेले तसतसा तिच्या वडिलांचा चेहरा मात्र खुलत गेला. कारण अडीच हजारांचे दोन हजार करता येतील, असा हिशेब त्यांच्या मनात चालला होता.

तेवढ्यात मिस्त्रींनी एक लहानसा आरसा आणि विजेरी काढली. गिटारीच्या तोंडाची कड त्यांनी निरखून पाहिली. तबली थराथरांच्या लाकडाची असेल तर त्या कडेला पापुद्रे दिसतात. येथे पापुद्रे नव्हते. वरच्या सरळ, बारीक रेघा कडेवरून तशाच खाली उतरत होत्या. तबली अखंड स्प्रूसची होती. हा थंड मुलखातला, देवदाराच्या कुळातला वृक्ष. मग आरसा आत सरकवून त्यांनी पाठीची आतली बाजू पाहिली. बाहेरच्या काळ्याजांभळ्या रेघा आतही तशाच उमटल्या होत्या. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “शिसवी आहे. अखंड.”

शिसवी आपल्या सह्याद्रीच्या रानांतही वाढते. कोकणातल्या जुन्या घरांत तिचे झोपाळे आणि पलंग अजून पाहावयास मिळतात. गिटारीच्या जगात तिचा मान मोठा आहे. ब्राझीलच्या शिसवीचे ओंडके मिळणे कठीण झाले, तेव्हा १९६९ मध्ये अमेरिकेतील मार्टिन या जुन्या नामांकित कारखान्याने भारतीय शिसवी वापरण्यास आरंभ केला. शिसवीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून कडक नियमही लागू झाले आहेत. तेव्हा अखंड शिसवीची गिटार ही आता सहज मिळणारी वस्तू राहिलेली नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिसवीमुळे किंमत चढते. पण आवाजाचा मोठा वाटा तबलीचा असतो. स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस या थोर कारागिराने हे दाखवून देण्यासाठी १८६२ मध्ये एक गिटार घडविली. तिची तबली उत्तम लाकडाची. पाठ आणि कडा मात्र चक्क कागदाच्या लगद्याच्या! ती गिटार बार्सेलोना येथील संगीत संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. लाकडाच्या नावाला भुलून पैसे मोजणाऱ्यांनी तिची आठवण ठेवलेली बरी. आंटींच्या गिटारीची मात्र दोन्ही अंगे खरी होती.

मिस्त्रींनी हिशेब सांगितला. दुरुस्त होऊन दुकानात गेली, तर ही गिटार पंधरा हजारांना जाईल. दुकानदाराला जागेचे भाडे आहे, त्याने नफाही घ्यावा. दुरुस्तीला दोन हजार लागतील. तेव्हा आज, आहे त्या स्थितीत, तिचे रास्त मोल आठ हजार. “बाईंनी किती सांगितले?” त्यांनी विचारले. वडील म्हणाले, “अडीच.” मिस्त्रींनी आरसा पुसून डब्यात ठेवला. त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर पेटी वडिलांच्या हातात होती. बरेच अंतर चालून गेल्यावर ते म्हणाले, “किंमत त्यांनीच सांगितली. आपण काही खोटे बोललो नाही.” हे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि त्यामुळेच त्याला उत्तर देणे अवघड होते. बाजारात असे रोज घडते. कोणी कोणास फसवीत नाही, फक्त एकास ठाऊक असते आणि दुसऱ्यास ठाऊक नसते. पोस्टात कारकुनी करणाऱ्या त्या गृहस्थांनी आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नव्हता. पण आठ हजार ही त्यांच्या घरी लहान रक्कम नव्हती, आणि मुलीने वर्षभर धरलेला ध्यास त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मुलगी काही बोलली नाही. शिसवी हा शब्द मिस्त्रींनी उच्चारला नसता तर किती बरे झाले असते, असे तिला वाटत होते. आणि असे वाटते आहे याची तिला लाजही वाटत होती.

आंटी व्हरांड्यातच बसल्या होत्या. “काय म्हणाला मिस्त्री?”

वडील म्हणाले, “घोडी सुटली आहे, आंटी. आतली एक पट्टीही सैल झाली आहे. दुरुस्तीला दोन हजार सांगतो.” यातला शब्द न् शब्द खरा होता. एवढे बोलून ते थांबले.

“मी म्हटलंच होतं,” आंटी म्हणाल्या. “मग दोन हजार दे. माझी ना नाही.”

तेव्हा मुलगी एकदम म्हणाली, “ती शिसवी आहे, आंटी. आठ हजारांची आहे.” तिचा आवाज इतका चिरका निघाला की आंटींना तेच वाक्य पुन्हा विचारावे लागले. वडिलांनी पेटी खाली ठेवली, घाम पुसला आणि मिस्त्रींचा सारा हिशेब पहिल्यापासून सांगितला. सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा ओझे उतरलेल्या हमालासारखा दिसत होता.

आंटी गिटार तशीच देऊन टाकतील, असे कोणाला वाटेल. तसे काही घडले नाही. त्यांना छपराचे काम करून घ्यायचे होते. “आठ?” त्या म्हणाल्या. “मग नऊ दे!” वडिलांनी हात जोडले. थोडी घासाघीस झाली आणि शेवटी मिस्त्रींचेच आठ हजार कायम झाले. अडीच हजार त्याच दिवशी द्यायचे, आणि उरलेले दरमहा पाचशेप्रमाणे अकरा हप्त्यांनी. दुरुस्तीचा खर्च वडिलांनी आपल्या अंगावर घेतला. पेटीच्या कप्प्यात यजमानांची एक छोटी वही होती, ती आंटींनी काढून घेतली.

महिन्याभराने गिटार नायलॉनच्या तारा लेवून घरी आली. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मुलगी पाचशे रुपये आणि गिटार घेऊन आंटींच्या व्हरांड्यात जाई. आंटी आधी नोटा मोजीत, दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर एक रेघ ओढीत, आणि मग खुर्चीत मागे टेकून म्हणत, “हां, आता वाजव.”