एकट्याने पाहिलेला चाँद

९ एप्रिल २०२४ ची संध्याकाळ. रमजानचा एकोणतिसावा रोजा. त्याच दिवशी गुढीपाडवा आल्यामुळे शिरूरमधल्या आमच्या गल्लीत सकाळपासून गुढ्या उभ्या होत्या. रोजा सोडला, मगरिबची नमाज पढली आणि आम्ही सगळे गच्चीवर गेलो. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवर, उतरवलेल्या गुढीच्या साडीची घडी घालत होत्या. त्यांनीही मावळतीकडे पाहिले आणि विचारले, "दिसला का हो?" पण मावळतीला नुसती धूळ होती. अर्धा तास डोळे ताणून आम्ही खाली आलो.

आठच्या सुमारास दौंडहून अब्बांचा फोन आला. आवाज दबलेला होता. "बेटा, मेरेकू चाँद दिख्या." मशिदीतून घरी परतताना रेल्वेच्या मोकळ्या जागेत ते क्षणभर थांबले होते. धुळीच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना एक बारीक रेघ दिसली. दोन-तीन मिनिटे दिसली आणि विरून गेली. बरोबर कोणी नव्हते. ते तसेच उलटपावली मशिदीत गेले आणि त्यांनी सांगितले. मंडळींनी अदबीने ऐकून घेतले आणि विचारले, "चाचा, दुसरा गवाह?" दुसरा गवाह नव्हता. रात्री जाहीर झाले की चाँद झाला नाही, उद्या तिसावा रोजा. अब्बांनी पहाटे उठून सहेरी केली आणि तिसावा रोजा ठेवला.

त्याच रात्री बातमी आली की केरळमध्ये, काश्मीरमध्ये आणि लडाखमध्ये उद्याच, म्हणजे १० एप्रिलला, ईद आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारले, "नानाकू गलत दिख्या क्या?" मी गप्प बसले. वर्गात चंद्राच्या कला शिकवणाऱ्या बाईला घरातल्या एका मुलाला उत्तर देता आले नाही, ही गोष्ट मला फार लागली. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी जे निश्चित आहे ते पाहू. चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जातो तो क्षण अमावास्येचा. एरवी तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. पण त्या वेळी तर साऱ्या जगाने तो पाहिला होता. ८ एप्रिलला मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात खग्रास सूर्यग्रहण झाले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. ग्रहण कोणत्या शहरात किती वाजून किती मिनिटांनी लागणार, हे कित्येक वर्षे आधी छापलेले होते आणि त्यात चूक झाली नाही. अमावास्येचा तो क्षण आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री ११ वाजून ५१ मिनिटांचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा नव्या चंद्राचे वय सुमारे १९ तास होते. सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या आसपास तो क्षितिजाच्या वर होता. इतका कोवळा चंद्र हवा स्वच्छ असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसू शकतो, हवा गढूळ असेल तर दिसत नाही. दिसण्या-न दिसण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा तो चंद्र होता.

गणित इथपर्यंत येते आणि थांबते. अब्बांना चंद्र दिसला हे ते सिद्ध करू शकत नाही आणि दिसला नाही असेही म्हणू शकत नाही. 'दिसणे शक्य होते' एवढेच ते सांगते. पण मला वाटते, एका खऱ्या माणसाची इज्जत राखायला एवढे पुरेसे आहे. याच्या उलट, चंद्र सूर्याच्या आधीच मावळलेला असेल आणि तरी कोणी गवाही दिली, तर तेच गणित 'हे शक्य नव्हते' असे तितक्याच ठामपणे सांगते. असे सांगितल्याने गवाह खोटारडा ठरत नाही. डोळ्यांची फसगत होते. ढगाची कड, विमानामागची रेघ, वाट पाहणाऱ्या मनाची इच्छा, काहीही चंद्र होऊन दिसते.

आपल्या समाजात हा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि तुम्ही अजून गच्चीवर उभे आहात. दुसरा म्हणतो, दीनमध्ये सायन्सला काय काम? मला दोन्ही बोलणी उथळ वाटतात, कारण दोघांनाही आपला इतिहास ठाऊक नसतो.

सूरह रहमानच्या पाचव्या आयतीत सूर्य आणि चंद्र हिशेबाने चालतात असे म्हटले आहे. सूरह यूनुसच्या पाचव्या आयतीत चंद्राच्या मंजिला ठरवून देण्याचा हेतूच वर्षांची गणती आणि हिशेब कळावा हा सांगितला आहे. हा हिशेब मुसलमानांनी खरोखर मांडला. अल-बिरूनीसारख्या विद्वानांनी चंद्रदर्शनाच्या गणितावर मेहनत घेतली. मोठ्या मशिदींमध्ये 'मुवक्कित' नावाचा अधिकारी असे. नमाजच्या वेळा काढणे हे त्याचे काम. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर हा त्या काळच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक होता. मशिदीच्या नोकरीत असलेला माणूस चंद्राच्या गतीचा नवा नमुना मांडत होता, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

आज तर प्रत्येक मशिदीत लाल आकड्यांचे घड्याळ आहे. पूर्वी असरची वेळ सावली मोजून ठरायची, फजरची पहाटेचा उजेड पाहून. आता आपण कॅलेंडर पाहतो. सहेरीची शेवटची मिनिटे त्यात छापलेली असतात. सूर्य क्षितिजाखाली ठरावीक अंशांवर केव्हा येतो याच्या गणितावरून ती काढलेली असतात. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, पण जोहरची नमाज थांबत नाही. म्हणजे दिवसातून पाच वेळा आपण गणितावर विश्वास ठेवतो आणि वर्षातून दोनदा त्याच्याशी भांडतो.

तरीही गणिताला नकार देणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हदीसचा आशय असा आहे की चाँद पाहून रोजे सुरू करा, चाँद पाहून सोडा, आणि आकाश झाकलेले असेल तर तीस दिवस पूर्ण करा. बहुसंख्य उलमा म्हणतात की या हुकमात मोठी समानता आहे. चंद्र धनगरालाही दिसतो आणि विद्वानालाही. त्यासाठी कोणा तज्ज्ञाच्या दारात जावे लागत नाही. इब्न तैमियांसारख्या आलिमांनी गणितावर महिना ठरवायला कडक विरोध केला होता. मलाही त्या गच्चीवरच्या अर्ध्या तासाचे मोल कळते. घरातले सगळे एका दिशेला तोंड करून उभे आहेत, असे वर्षात आणखी किती वेळा घडते?

पण दुसरा आवाजही त्याच परंपरेतून आलेला आहे. चौदाव्या शतकात दमास्कसचे शाफई काझी तकियुद्दीन सुबकी यांनी म्हटले की गणिताने चंद्र दिसणे अशक्य ठरत असेल, तर त्या दिवसाची गवाही घेऊ नये, कारण गवाही ही शक्य गोष्टीचीच असू शकते. १९३९ मध्ये इजिप्तचे काझी आणि हदीसचे मोठे अभ्यासक अहमद मुहम्मद शाकिर त्याच्या पुढे गेले. त्यांचा मुद्दा असा, की उम्मत लिहिणे आणि हिशेब जाणत नाही हे कारण हदीसमध्येच आले आहे. ते कारण उरले नसेल तर हिशेब स्वीकारावा. तुर्कस्तानात सरकारी पातळीवर गणितानेच महिने ठरतात. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने २००६ मध्ये गणित मान्य केले. यांतले कोणीही दीन सोडून बोललेले नाही.

हे भांडण फक्त आपले आहे असेही नाही. काकूंची गुढी त्या दिवशी उभारली गेली ती पंचांगाच्या गणिताने. कोणी चंद्र पाहायला गेले नव्हते. पण जुनी पंचांगे आकाशाशी जुळत नाहीत म्हणून ती दुरुस्त करावीत, असा आग्रह याच पुणे शहरातून केरूनाना छत्रे आणि लोकमान्य टिळकांनी धरला, तेव्हा तिथेही वाद झाले. आजही टिळक पंचांग मानणारी घरे आहेत आणि त्यांचे काही सण इतरांहून वेगळ्या दिवशी येतात. आकाश एक असले तरी सणाचा दिवस माणसांना एकत्र बसूनच ठरवावा लागतो.

पुढच्या फेब्रुवारीत शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही खोडदला गेलो. जुन्नर तालुक्यातल्या या गावाजवळ जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते आणि गावोगावच्या शाळा येतात. तारांच्या जाळीची ती अवाढव्य तबकडी पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, इसमें से ईद का चाँद दिखेगा?"

काही मुले हसली. मी त्यांना गप्प केले, कारण प्रश्न चांगला होता. मी सांगितले, ही दुर्बीण उजेड पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. लाखो प्रकाशवर्षे दूर असलेल्या हायड्रोजन वायूचा ठाव तिला लागतो. पण ईदचा चाँद 'दिसणे' ही गोष्ट यंत्राची नाही, माणसाच्या डोळ्यांची आहे. चंद्र कुठे आहे, हे विज्ञान सांगेल. तो दिसू शकेल का, याचा अंदाजही विज्ञान देईल. मात्र महिना डोळ्यांनी सुरू करायचा की हिशेबाने, हे आपण ठरवायचे. तो प्रश्न दुर्बिणीला विचारायचा नाही. मुलीने मान हलवली आणि पुन्हा विचारले, "तो आपण कब ठरायेंगे?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

वाट पाहण्याची किंमत गरिबाला मोजावी लागते. रोजंदारीवरच्या बापाला उद्या कामावर जायचे की नाही हे रात्री नऊपर्यंत कळत नाही. रांजणगावच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या पोराला सुट्टी बदलून मागावी लागते. शीरखुर्म्याचे दूध सांगून ठेवलेले असते. आणि मोबाइलवर दर पाच मिनिटांनी नवा चाँद निघतो. शिरूर आणि दौंड एकाच जिल्ह्यातली गावे, रोटीबेटीचे संबंध असलेली. तिथे सासर-माहेरची ईद वेगळी होण्याची भीती असावी, ही शोभणारी गोष्ट नाही.

मला फार मोठी मागणी करायची नाही. चाँद पाहण्याची सुन्नत राहू द्या, गच्ची राहू द्या. फक्त शाबानमध्येच प्रत्येक मशिदीत एक कागद लागावा: अमावास्या केव्हा, एकोणतीस तारखेला सूर्यास्ताच्या वेळी चंद्राचे वय किती, तो क्षितिजावर किती वेळ राहणार, दिसणे अशक्य आहे की शक्य. अशक्य असेल त्या रात्री गवाही घेऊ नये. शक्य असेल त्या रात्री गवाहाला नीट बसवून विचारावे: कोणत्या दिशेला, किती उंच, टोके कोणीकडे. आपल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवणारी माणसे आहेत. हा कागद ती आनंदाने तयार करून देतील. सुबकींनी साडेसहाशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट एवढीच आहे.

त्या ईदला आम्ही दौंडला गेलो. शीरखुर्मा झाल्यावर मी अब्बांना कागदावर सगळा हिशेब मांडून दाखवला. १९ तास, पाऊण तास, केरळ. म्हटले, "अब्बा, तुम्हाला दिसला असणार. त्या दिवशी दिसणे शक्य होते." मला वाटले होते, ते खूश होतील. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मेरेकू मालूम था, दिख्या."

"मग तिसावा रोजा का ठेवलात? राग नाही आला?"

अब्बा तीस वर्षे रेल्वेत गार्ड होते. ते म्हणाले, आमच्या रेल्वेत कायदा आहे. सिग्नल बुझलेला असेल किंवा साफ दिसत नसेल तर तो लालच समजायचा आणि गाडी थांबवायची. मला साफ दिसला, पण गाडी माझ्या एकट्याची नव्हती. मागे सगळे डबे होते.

माझा मुलगा शेजारीच बसून ऐकत होता. त्याने परत काही विचारले नाही. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे, मशिदीला द्यायचा आहे.