उसरा : चळवळीतले दुसरे घर

१/ आधी विचार पटतो, मग माणूस संघटनेत जातो, असे आपण गृहीत धरतो. इजिप्तमधील मुस्लिम ब्रदरहूडच्या इतिहासात हा क्रम अनेकदा उलटा दिसतो. #थ्रेड

२/ वर्ष १९२८, सुएझ कालव्याकाठचे इस्माइलिया. एकीकडे कालवा कंपनीच्या युरोपीय अधिकाऱ्यांचे बंगले, दुसरीकडे इजिप्शियन कामगारांची दाट वस्ती. हसन अल-बन्ना हा एकविशीतला शाळाशिक्षक कॉफीगृहांत प्रवचने देऊ लागला. मशिदीत जुने गटतट होते. कॉफीगृहात मशिदीकडे न फिरकणारी माणसे भेटत. त्याच्या आठवणींनुसार पहिले अनुयायी सहा, सारे कष्टकरी.

३/ १९३२ मध्ये मुख्यालय कैरोला हलले. शाखांसोबत मशिदी, शाळा, दवाखाने आणि खेळांची पथके उभी राहिली. खेड्यातून शहरात आलेल्या तरुणाला तिथे आधी सोबती मिळत. राजकारण मागाहून येई.

४/ १९४३ मध्ये ‘उसरा’ पद्धत सुरू झाली. उसरा म्हणजे कुटुंब. मोजक्या सदस्यांचा गट आणि त्याचा प्रमुख, नकीब. नियमित बैठकीत कुराणपठण, वाचन आणि एकमेकांची विचारपूस. सूत्रे तीन : परिचय, सामंजस्य, परस्परांना आधार. आजारपणात वा बेकारीत हेच सोबती धावून येत.

५/ पुढे सदस्यत्वाच्या पायऱ्या आखल्या गेल्या. ‘मुहिब’ म्हणजे नुसता स्नेही. तिथपासून पूर्ण सदस्य होईपर्यंत काही वर्षे लोटत. संघटना त्याची पारख करी; तेवढ्यात त्याचे मित्र, वाचन आणि दिनक्रमही बदललेले असत.

६/ या जिव्हाळ्याच्या छायेतच १९४० च्या दशकात शपथबद्ध गुप्त यंत्रणा वाढली. बहुसंख्य सदस्य तिच्याबाहेर होते. तरी २८ डिसेंबर १९४८ रोजी संघटनेच्याच एका विद्यार्थी सदस्याने पंतप्रधान नुक्राशी यांची हत्या केली. १२ फेब्रुवारी १९४९ रोजी कैरोत बन्नावरही गोळ्या झाडण्यात आल्या. त्यात त्याचा अंत झाला.

७/ २०११ च्या क्रांतीनंतर काही तरुण सदस्यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि त्यांची हकालपट्टी झाली. अशा संघटनेतून बाहेर पडणाऱ्याचे केवळ मत बदलत नाही. वर्षानुवर्षांचे मित्र दुरावतात, कधी सोयरीक आणि रोजगारही तुटतो. म्हणून विचार सोडून दिलेली माणसेही पुष्कळदा संघटना सोडत नाहीत. चळवळीची पत्रके वाचून तिची भूमिका कळते; तिची पकड समजायची, तर सदस्याच्या अडीनडीला कोण उभे राहते, तेही पाहावे लागते.