मोहाचे मडके

गेल्या माघी पौर्णिमेस आम्ही पुतण्यासह कचारगडच्या यात्रेस गेलो होतो. दरेकसा स्टेशनावर उतरून धनेगावच्या वाटेस लागलो. गोंड बांधवांच्या या पुण्यस्थानाविषयी, तेथील प्रचंड गुहेविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु आमचे मन वाटेतील एका अंगणातच अडकले. तेथे मडक्यात मोहफुले भिजत घातली होती व वर बुडबुडे येत होते.

रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या हाती मधूकपुष्पांची माला आहे, हे आम्ही वर्गात मोठ्या हौसेने सांगत असू. तीस वर्षांपूर्वी अशाच एका तासास एका गोंड मुलाने विचारले, "गुरुजी, गोड मोहफुलाची दारू कशी होते?" आम्ही त्यास वाह्यात म्हणून तासभर उभे केले. खरी गोष्ट ही की, उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते.

ते पुतण्याने सांगितले. तो औषधांच्या कारखान्यात रसायनज्ञ आहे. किण्व साखर फोडते, तेव्हा तिच्यातील हायड्रोजन 'एनएडी' नामक वाहक उचलतो. हे वाहक पेशीत थोडेच असतात. सारे भरलेले राहिले तर काम खुंटावयाचे. म्हणून साखरेपासूनच झालेल्या ॲसिटाल्डिहाइडवर ते ओझे उतरते, त्याचे क्षपण होऊन मद्य बनते आणि वाहक रिता होऊन परततो. रहाटगाडग्याचा पोहराच म्हणा ना! आपण ज्यास दारू म्हणतो, ती किण्वाच्या लेखी पोहरा रिता करण्याची खटपट! हार्डन व यंग यांनी 1906 साली किण्वाचा रस गाळून दोन भाग केले. एकट्याने कोणताच भाग साखर आंबवीना, एकत्र करताच काम सुरू झाले. त्यांतील लहान रेणूंच्या भागात हा वाहक होता. हार्डन यांस 1929 चे नोबेल पारितोषिक ऑयलर-केल्पिन यांच्यासह मिळाले.

कारखान्यात गरज उलटी. तेथे क्षपणासाठी भरलेला वाहक हवा, आणि तो फार महाग. म्हणून त्याच पात्रात ग्लुकोज व दुसरे विकर घालतात. ते ग्लुकोजचा हायड्रोजन काढून रिता वाहक पुन्हा भरते. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या अटोर्वास्टॅटिनचा एक घटक या रीतीनेही करतात. आम्ही रोज रात्री हीच गोळी घेतो!

घरी येताच त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळवून हे सारे सविस्तर लिहिले. मायन्यात प्रथम 'चिरंजीव' घातले होते; ते खोडून 'सप्रेम नमस्कार' केले. पत्र परवाच टाकले आहे.