सात पाणी, एक माती

२०२४ च्या रमजानातली गोष्ट. अस्रची नमाज झाली होती, मी भज्यांचं पीठ भिजवत होते, आणि ओटीवरून अम्मींचा आवाज आला, "ये, बघ तुझ्या लाडकीने काय करून ठेवलंय!" अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. हात तसेच घेऊन बाहेर आले. अम्मींचा मुसल्ला ओला झाला होता आणि त्या ओल्यात फिकट गुलाबी डाग होता. काजू दोन हात लांब बसली होती, शेपूट पोटाखाली.

अम्मींना नापाकी दिसली. मला रक्त दिसलं.

माझं माहेर कराडचं, हनफी. कुत्र्याचं तोंड भांड्याला लागलं तर आमच्याकडे तीनदा धुतलं की भागायचं. सासर चिपळूणचं, कोकणी मुसलमान, शाफई. इथे सातदा धुवायचं आणि त्यातलं एक पाणी मातीचं. कोरड्या कुत्र्याला कोरडा हात लागला तर काही नाही, पण ओल लागली की सात. त्या दिवशी रोजा तोंडावर, सत्तरीच्या घरातल्या अम्मी मागीलदारी बसल्या आणि परसातली तांबडी माती कालवून त्यांनी तो मुसल्ला स्वतः धुतला. मला हात लावू दिला नाही. प्रत्येक लोट्याला मोठ्याने आकडा म्हणत होत्या, मला ऐकू जावा म्हणून. मी पिठाच्या हाताने उभी राहून सात ऐकले.

काजू आमच्याकडे कशी आली ते चिपळूणकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चढत होतं, आम्ही वरच्या मजल्यावर होतो, आणि जिन्याच्या पाचव्या पायरीवर एक पिल्लू कुडकुडत होतं. पाणी एक पायरी चढायचं, पिल्लू एक पायरी चढायचं. शेवटी लेकाने उचललं. त्या रात्री कोणाला सात पाण्यांची आठवण झाली नाही, घरात पाणीच पाणी होतं. ओसरल्यावर अम्मी म्हणाल्या, "राखणीला कुत्रा चालतो, पण पडवीत. उंबऱ्याच्या आत नाही." रंग भाजलेल्या काजूगरासारखा, म्हणून काजू. पुढच्या वर्षी तिचं ऑपरेशन करून घेतलं, पिल्लं नकोत म्हणून. पडवीत गोणपाटावर झोपायची, रात्री राखण करायची, सगळं बरं चाललं होतं.

पहिल्यांदा त्रास झाला तो २०२३ च्या नोव्हेंबरात. काजू पडवीतच करायला लागली. दर दहा मिनिटांनी बसायची, चार थेंब, पुन्हा उठून दुसरीकडे बसायची. मी काय केलं? रागावले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटकेही दिले. एवढी शिकवलेली कुत्री, मुद्दाम करते असं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती तिथे सारखी चाटताना दिसली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

उजेड लवकर पडायला हवा होता, कारण हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. बी.एड. झाल्यावर पहिली नोकरी लागली त्या शाळेत बायकांसाठी एकच मुतारी होती आणि तिची किल्ली शिपायाकडे. किल्ली मागायची लाज. म्हणून सकाळी चहा टाळायचा, दिवसभर पाणी प्यायचं नाही, घरी येऊन धावायचं. दोन वर्षांत तीन वेळा ताप येऊन पडले होते. जिने भोगलंय तिला ती जळजळ माहीत असते. घरात सांगितलं होतं, पोटात दुखतंय. मी दोन भाषा शिकवते आणि दोन्ही भाषा या बाबतीत सारख्याच लाजाळू. मराठीत लघुशंका, म्हणजे बारीकशी शंका. उर्दूत पेशाब, फारसीतून आलेला, पुढचं पाणी. सरळ शब्द फक्त लहान मुलांकडे आणि भांडणाऱ्या बायकांकडे.

तर पहिल्या वेळी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे म्हशी, शेळ्या आणि रांगेत आमची काजू. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, कोर्स पुरा करा म्हणाले. दोन दिवसांत काजू ठणठणीत. गोळी भरवताना दोनदा माझ्या हाताला दात लागले होते, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. उरलेली पट्टी जपून ठेवली, कपाटात, जीरागोळीच्या डबीशेजारी. जानेवारीत पुन्हा तेच सुरू झालं तेव्हा तीच पट्टी काढली. डॉक्टरकडे गेलेच नाही. पुन्हा दोन दिवसांत बरं वाटलं, पुन्हा थांबवलं. मला तर त्यात हुशारी वाटली होती, चारशे रुपये आणि एक रजा वाचवल्याची. आणि मार्चमध्ये मुसल्ल्यावर रक्त.

ईद होईपर्यंत सरकारी दवाखान्यातल्या औषधावर काढली आणि मग तिला कराडला नेलं, माहेरी जाण्याचं निमित्त करून. कुंभार्ली घाटात गाडी तीनदा थांबवावी लागली. ड्रायव्हर ओळखीचा, काही बोलला नाही, पण सीटवर त्याने आधीच प्लास्टिक अंथरलं होतं.

कराडच्या डॉक्टर मॅडमनी औषध लिहायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. झोपेत नकळत गळतं की बसून बसून थोडं थोडं करते? ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना कधी कधी झोपेत गळती होते, तो आजार वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. पाणी जास्त पिते का? म्हणजे साखर किंवा किडनीचं काही आहे का. रात्री किती तास बांधून असते? खाजेसाठी स्टेरॉइड कधी दिलं होतं का? मी मध्येच कबूल करून टाकलं की दुखतंय म्हणून मी तिला आमच्या घरातली आयब्रुफेनची गोळी देणार होते. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "दिली नाहीत ना? कुत्र्याच्या पोटाला जखमा होतात, किडनी जाऊ शकते." दिली नव्हती. अम्मींनी अडवलं होतं, 'माणसाचं औषध जनावराला कशाला' म्हणून. ते त्या दिवशी मी अम्मींना फोनवर सांगितलं नाही, पण पुढे सांगितलं.

मी घरून लघवी बाटलीत नेली होती. ती कशी धरली ते शेजाऱ्यांनी पाहिलंय. पहाटे अंगणात मी वाकून काजूच्या मागे, हातात जुना डाव. ती बसली की मी डाव सरकवायचा, ती दचकून उठायची. चौथ्या खेपेला दोन चमचे मिळाले. मॅडमनी ती तपासली, रक्त आहे, पू आहे, लघवी अल्कली झालीय एवढं कळलं. पण जंतू कोणता हे यातून खात्रीने कळणार नाही म्हणाल्या, कारण बाहेरच्या कातडीचे आणि डावाचे जंतूही त्यात असणार. त्यासाठी सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून लघवी घेतली. मी काजूचं डोकं धरून बसले होते आणि तोंडाने आयतल कुर्सी. सुईला मिनिटही लागलं नाही. हे सगळं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी करायचं असतं, म्हणून सरकारी दवाखान्याच्या गोळ्या संपल्यानंतरचे काही दिवस मुद्दाम जाऊ दिले होते.

मग एक्स-रे. काळ्या फिल्मवर मूत्राशयात तुरीच्या दाण्याएवढे चार पांढरे ठिपके. खडे.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि ते मला शाळेत शिकवल्यासारखं आवडलं. काही जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात. लघवी अल्कली होते, आणि अशा लघवीत मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे स्फटिक जमून खडा बनतो, त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. जंतू त्या खड्याच्या पोटात दडून बसतात. गोळ्या दिल्या की बाहेरचे मरतात, आतले वाट बघतात. म्हणून दोन दिवसांत बरं वाटायचं आणि दोन महिन्यांत परत. कुत्र्यांमध्ये मादीला हे जास्त होतं, मूत्रमार्ग आखूड म्हणून. आपल्यासारखंच, त्या म्हणाल्या. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की नुसत्या गोळ्या बदलत राहायचं नाही, मूळ शोधायचं.

चार दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट मोबाइलवर आला. जंतू स्टॅफिलोकोकस. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. आयुष्यभर गुणपत्रिका भरलेल्या बाईला असा तक्ता वाचायला शिकवावं लागत नाही. कपाटातल्या पट्टीवर जे नाव होतं त्यापुढे आर. अर्धवट गोळ्यांनीच तो जंतू निबर झाला असं मॅडम खात्रीने म्हणाल्या नाहीत, मीही आग्रह धरला नाही. पट्टी मात्र त्याच रात्री कपाटातून बाहेर काढली.

ऑपरेशन करून खडे काढायचे की विरघळवायचे, हा प्रश्न होता. या जातीचे खडे औषधी खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. मॅडमचा अंदाज पहिल्या जातीचा होता. मस्कतहून यांचा व्हॉइस मेसेज आला, "कापाकापी नको. खाण्याचा काय खर्च येईल ते मी बघतो." खाण्याची पिशवी बघून मी दुकानदाराला पुन्हा किंमत विचारली. आमच्या महिन्याच्या तांदळापेक्षा जास्त. अट अशी की दुसरं काहीही तोंडात जाता कामा नये, एक हाडूक नाही, भाकरीचा तुकडा नाही, आणि अँटिबायोटिक सोबत चालूच, कारण खडा विरघळताना आतले जंतू बाहेर पडतात. एक ताकीद दिली होती, कुंथते आहे आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि या दोन महिन्यांच्या बरोबर मध्ये बकरी ईद. १७ जून. मोहल्ल्यात घराघरात गोश्त, प्रत्येक पोराच्या हातात काजूसाठी काहीतरी. मी फाटकावर पाटी लावली, वर उर्दूत, खाली मराठीत: काजूला काहीही खायला देऊ नये, ती आजारी आहे. माझ्याच शाळेतल्या एकाने उर्दूतली शुद्धलेखनाची चूक दाखवली. ईदच्या दिवशी काजू पडवीत आपल्या त्या महागड्या गोळ्यांपुढे बसून शेजारच्या भिंतीकडे बघत होती आणि मला माझं जेवण गेलं नाही. अम्मींनी ताट उचललं, आत नेऊन खाल्लं. "तिच्या तोंडासमोर नको," म्हणाल्या.

याच दिवसांत शाळा सुरू झाली. चौथीतली एक मुलगी एका तासात दुसऱ्यांदा उठली, "टीचर, पेशाब को जाऊं?" आणि माझ्या तोंडावर नेहमीचं वाक्य आलं होतं, आत्ताच तर गेली होतीस. वीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आले आहे. किती मुलींना म्हटलं असेल, आणि त्यातल्या किती जणी घरी जाऊन पोटात दुखतंय म्हणाल्या असतील. तिला जा म्हटलं. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं, जळतं का? तिने मान खाली घालून हो म्हटलं. संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. आई आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "टीचर, मलाही होतं."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा घाट चढलो, भर पावसात. एक्स-रे स्वच्छ. पुन्हा सुईने लघवी घेतली, जंतू नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण नोव्हेंबरात काजू परत बसायला लागली. या वेळी जंतू दुसरा, ई. कोलाय, खडा नाही. या वेळी पहिल्याच दिवशी नेलं, कल्चर आधी, गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत. मॅडम म्हणाल्या की पुन्हा कधीच होणार नाही असं मी लिहून देणार नाही. तिची तिथली घडण थोडी आत दबलेली आहे, कातडीच्या घडीत ओल राहते, तेव्हा पुसून कोरडं ठेवा. खाण्यात पाणी घाला. आणि रात्री आठपासून सकाळी सातपर्यंत साखळीला बांधून ठेवू नका, लघवी साठून राहिली की जंतूंना रान मोकळं.

पुसण्याचं काम माझं. कोमट पाणी, मऊ फडकं, मग माझे हात, सात पाणी, एक माती. नळाशेजारी तांबड्या मातीचा डबा कायमचा ठेवलाय. भातात पाणी घालण्याचं काम लेकाचं. रात्री अकराला फिरवण्याचंही त्याचं.

पहाटेचं काम कोणाला सांगायचं हा प्रश्न होता. शाळेच्या दिवशी मला पाचला उठून डबे करायचे असतात. मी काही बोलले नाही. एका पहाटे जाग आली तर पडवीतली साखळी वाजली. अम्मी तहज्जुदला उठतात, फजरच्या खूप आधी. खिडकीतून पाहिलं तर त्या वजू करण्याआधी काठीच्या टोकाने साखळीचा आकडा सोडवत होत्या, काजूला हात न लावता, साडीचा पदर एका हाताने वर धरून. काजू अंगणात गेली, फणसाखाली बसली. अम्मी बॅटरीचा झोत टाकून उभ्या.

तेव्हापासून हे रोजचं आहे. मी चहा ठेवायला उठते तेव्हा अम्मी मुसल्ल्यावर तसबी ओढत असतात. मधेच मणी थांबवतात आणि मला सांगतात, "भरपूर केलीन. रंग साफ."