फोनची हजेरी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोन-चार नातेवाइकांचे रागाचे फोन येऊन गेले. राग योग्यच होता. गेल्या नोव्हेंबरात (२०२५) परभणीला आक्का घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिचा सख्खा भाऊ, मी, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. का? तोंडी सांगायला गेलो की ती सबब वाटते. म्हणून लिहून काढतोय. ब्लॉगवरच्या मित्रांनाही यातलं काही उपयोगी पडलं तर पडेल.

तर झालं असं.

माझा जुना फोन सहा वर्षं चालला. मग त्याची बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली. मुलाने पुण्याहून फर्मान काढलं, "बाबा, आता नवीन घ्या." दिवाळीच्या आधी ही आणि मी पैठण गेटला गेलो. औरंगाबादकरांना (म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरकरांना, पण पंचाहत्तरीच्या जिभेला वळण लागायला वेळ लागतो!) पैठण गेटची मोबाईलची दुकानं सांगायला नकोत. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, हा घ्या. १२८ जीबी आहे. तुम्हाला जन्मभर भरणार नाही."

घरी येऊन पाहिलं तर त्यातले २४ जीबी आधीच भरलेले! मी तर अजून एक फोटोही काढला नव्हता. कोरी करकरीत वही विकत आणावी आणि पहिली वीस-पंचवीस पानं दुसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवलेली असावीत, तसं वाटलं.

आणि ते सुरुवातीचे 'सहमत' 'सहमत' म्हणायचे पडदे! चौतीस वर्षं मी वर्गात सांगत आलो, पोरांनो, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. आणि त्या संध्याकाळी मी स्वतः सात वेळा 'सहमत' दाबलं. अक्षरं मुंगीएवढी, आणि पुढे जायला दुसरा रस्ताच नाही. काही चौकटींमध्ये तर माझ्या वतीने आधीच बरोबरची खूण केलेली होती. परीक्षेत असं कोणी केलं असतं तर पेपर काढून घेतला असता.

दुसऱ्या दिवसापासून टणटण सुरू झाली. रमीवाला बोलावतोय. कोणीतरी विनातारण कर्ज द्यायला निघालाय. एक अ‍ॅप म्हणतं, फोनमध्ये कचरा झाला, साफ करा. (फोन दोन दिवसांचा, कचरा कसला?) लॉक असलेल्या पडद्यावरसुद्धा रोज नवी नटी आणि नवी बातमी. मी यातलं काहीएक मागितलं नव्हतं. जवळजवळ सगळं फोनसोबतच आलेलं.

मी त्यावर माझ्यापुरता एक उपाय शोधला. वरून पडदा खाली ओढायचा आणि खालचं 'सगळं पुसा'चं बटण दाबायचं. फळा पुसल्यासारखं स्वच्छ! पंधरा दिवसांत बोटाला इतकी सवय झाली की काय पुसतोय ते बघणंही बंद झालं.

त्या दिवशी मी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत होतो. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचं सांगायला जावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. फोन आवाज बंद करून खिशात. साडेबाराला बाहेर आलो, रिक्षात बसलो, फोन काढला. नेहमीसारख्या पंचवीस-तीस सूचना. बोट सवयीने गेलं, आणि सगळं पुसलं.

त्यात भाच्याचे दोन मिस्ड कॉल होते, आणि एक मेसेज. "मामा, आई पडली. दवाखान्यात आणलंय. फोन करा."

संध्याकाळी सूनबाईचा पुण्याहून फोन आला, "बाबा, आत्याबाईंकडे निघालात का?" तेव्हा कळलं. दुपारची तपोवन एक्सप्रेस सहज मिळाली असती. ती कधीच परभणीच्या पुढे गेली होती. रात्रीचा एकट्याने प्रवास करू नका म्हणून हिने अडवलं. सकाळी निघालो.

आक्का काही बोलली नाही. "आलास ना, झालं," एवढंच. पण भाच्याने दवाखान्याच्या जिन्यात मला जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. डॉक्टर म्हणाले होते, वय ऐंशीच्या पुढे आहे, ऑपरेशनमध्ये धोका आहे, न करण्यातही आहे, तुम्ही घरातले ठरवून सांगा. "मामा, मला फक्त कोणालातरी विचारायचं होतं. सही मी केलीच असती. पण तुम्ही फोन उचलला नाही, परत केलाही नाही. मला वाटलं, मामांना नको असेल यात पडायला."

ऑपरेशन झालं. आक्का आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते. पण त्या एका दुपारी त्या पोराने एकट्याने सही केली, हे काही आता पुसता येणार नाही.

चूक माझीच, हे आधी कबूल करतो. पण शिक्षक असल्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. वर्गात चाळीस पोरं एकदम कालवा करायला लागली की ज्याचं खरोखर पोट दुखतंय त्याचा आवाज मास्तरपर्यंत पोचत नाही. मास्तर सरसकट "गप्प बसा" म्हणतो, आणि ते पोरही गप्प बसतं.

परभणीहून परत आलो आणि एक शंभर पानी वही घेतली. म्हटलं, या वर्गाची हजेरी घ्यायची. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या अ‍ॅपची नावं उतरवली. एकूण ६१ भरली. त्यापैकी ज्यांना मी बोलावलं नव्हतं आणि ज्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता, अशी २३. त्यांच्यापुढे लाल शाईने फुल्या मारल्या.

मग एकेकाला शाळा सोडल्याचा दाखला द्यायला घेतला. चित्रावर बोट दाबून धरलं की 'अनइन्स्टॉल' असं येतं. ते ज्यांना आलं अशी १४ निघाली. दोन्ही रमीवाले गेले, कर्जवाला गेला, कचरावाला गेला. उरलेल्या नवांना दाखला घेणं मंजूरच नव्हतं! त्यातली ६ नुसती 'डिसेबल' होतात, म्हणजे पटावर नाव राहतं, जागाही अडवतात, पण वर्गात येत नाहीत आणि बोलत नाहीत. शेवटच्या तिघांना काढताही येईना, बंदही करता येईना. खासगी संस्थांमध्ये व्यवस्थापनाच्या कोट्यातली पोरं असायची ना, मुख्याध्यापकही ज्यांना हात लावू शकत नसत, तशातली ती. त्यांच्या निदान सूचना बंद केल्या. मायक्रोफोन, कॅमेरा, संपर्क-यादी, ज्या ज्या परवानग्या काढून घेता आल्या त्या काढून घेतल्या.

या तिघांसाठी वही घेऊन परत पैठण गेटला गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल दुरुस्त करतो. वही पाहून तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "सर, फोनच्या पोटात दोन कप्पे असतात. एक तुमचा, एक कंपनीचा. तुमच्या कप्प्यातलं तुम्ही काढू शकता. कंपनीच्या कप्प्याला फक्त वाचायची परवानगी असते, खोडायची नाही. सगळा फोन पुसून पहिल्यापासून सुरू केलात तरी हे तिघं तिथेच सापडतील." सुरुवातीचे २४ जीबीही मुख्यतः त्याच कप्प्याचे, आणि त्यातला बराच भाग फोन चालायलाच लागतो, तेव्हा त्याबद्दल सगळा दोष अ‍ॅपना देऊ नका, असंही त्याने सांगितलं. कॉम्प्युटरला जोडून आज्ञा देऊन या तिघांना गप्प करता येतं, पण चुकीचं काही निघालं तर फोनच बसायचा. म्हटलं, राहू दे. पैसे विचारले तर पाया पडला. (मार्क कमी दिले होते मी त्याला, तरीसुद्धा!)

पण हे असं का करतात? त्याचं उत्तर सोपं आहे. फोनमध्ये नफा थोडा. शाओमीच्या प्रमुखांनी तर एप्रिल २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं, की आम्ही वस्तूंवर निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर ठेवणार नाही, बाकीची कमाई इंटरनेटवरच्या सेवांमधून. (माझा फोन त्या कंपनीचा नाही, गैरसमज नको.) म्हणजे फोन स्वस्तात द्यायचा, आणि त्यात आपलं अ‍ॅप आधीच बसवून देण्याबद्दल दुसऱ्यांकडून पैसे घ्यायचे. मी १५ हजारांत फोन घेतला असं मला वाटत होतं. उरलेली किंमत माझ्या लक्षातून वळती होत होती.

यावर मोठे वादही झालेत. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोन बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची अ‍ॅपही गठ्ठ्याने घ्यावी लागतात, ठळक जागी ठेवावी लागतात आणि ती काढायची सोय नसते, हा त्यातला एक मुद्दा होता. आयोगाने सांगितलं, ग्राहकाला ही अ‍ॅप काढू द्या. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतात फोनवाल्यांना सुटी सुटी अ‍ॅप घ्यायची मुभा जाहीर केली. पण २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि काढू देण्याचा तो आदेश मात्र रद्द केला. म्हणजे कंपनीला निवड मिळाली, माझ्यासारख्याची फुली तशीच राहिली.

आणि योगायोग बघा. माझी हजेरी चालू असतानाच 'संचार साथी'चं प्रकरण पेपरात आलं. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला कंपन्यांना सांगितलं, की ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे सरकारी अ‍ॅप आधीच घालून द्या, आणि त्याचं काम बंद पाडता येता कामा नये. केवढा गदारोळ झाला! मंत्री म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आणि ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली.

गंमत म्हणजे ते अ‍ॅप माझ्या कामाचं आहे. हरवलेला फोन बंद पाडता येतो, संशयास्पद कॉलची तक्रार करता येते, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. सक्ती गेल्यावर मी ते स्वतःच्या हाताने घेतलं. माझ्या नावावर दोनच सिम निघाली, बरं वाटलं. ही म्हणाली, "अहो, इतके दिवस अ‍ॅप काढत होतात ना? आणि आता हे घालताय?" तिला म्हटलं, "अगं, मी बोलावलेला पाहुणा आणि माझ्या घरात कोणीतरी आणून बसवलेला पाहुणा, यात फरक आहे की नाही?"

यावरून एक जुनी आठवण झाली. नोकरीला लागलो तेव्हा कन्नड तालुक्यातल्या एका गावात आम्ही भाड्याने राहत होतो. तीन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मालकाने स्वतःकडे ठेवलेली. आत ज्वारीची पोती आणि त्यांचं जुनं सामान. तिला कुलूप, किल्ली त्यांच्याकडे. त्या खोलीत जायला आमच्या ओसरीतूनच वाट होती. पण म्हातारा कधीही आला तरी दारातच थांबायचा, खाकरायचा आणि हाक मारायचा, "मास्तर, येऊ का?" हिने आतून "या" म्हटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही त्याने. चार वर्षांत एकदाही नाही. घर त्याचं होतं, तरीही.

हा फोन तर मी रोख पैसे मोजून विकत घेतलाय. आणि त्या कुलूपबंद खोलीतले तिघं मला न विचारता कधीही ओसरीवर येऊन बसतात.

माझा पहिला फोन, नोकिया ११००, त्यातही साप होताच की आधीपासून! मीही कधी खेळायचो. पण तो साप आपण बोलावल्याशिवाय कधी बाहेर आला नाही, आणि आक्काचा फोन त्याने कधी अडवला नाही.

असो. लांबलं. नातेवाइकांना एकच हात जोडून विनंती. महत्त्वाचं असेल तर मेसेजवर भागवू नका. फोन करा, नाही उचलला तर परत करा, तरी नाही तर हिच्या फोनवर करा. मला नको आहे म्हणून मी उचलला नाही असं कृपा करून समजू नका. तुम्हा सगळ्यांच्या नावांना मी आता वेगळी घंटा लावलीय, फोन गप्प असला तरी वाजेल अशी. भाच्याचं नाव सगळ्यात वर आहे.

आणि ब्लॉगवरच्या मित्रांनो, एका दुपारी वही घेऊन बसा. तुमच्याही वर्गात कोण कोण बसलंय ते एकदा बघून घ्या.

ता. क. : हे टाइप करत असतानाच फोनला 'अपडेट' आलं. झाल्यावर हजेरी घेतली. दाखला दिलेल्यांपैकी दोघं परत येऊन बसलेत. वही जपून ठेवली आहे.