परसातली भिंत

२०१६ साली गिरिविहार या मुंबईच्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक फेरी भरवली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा झाली. आम्हा पनवेलकरांना लोकलने जाऊन रात्री घरी जेवायला परत यावं इतकी ती जवळ. लोक चढणाऱ्यांना बघायला आले होते, माझी नजर मात्र रूट सेटरांवर खिळली. एक टप्पा आटोपला की ही मंडळी शिड्या आणि ड्रिल घेऊन यायची, होल्ड, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या हातापायाच्या पकडी, भराभर उतरवायची आणि त्याच भिंतीवर वेगळं कोडं रचायची. भिंत तीच, पण सकाळचा चढणारा संध्याकाळी तिला ओळखणार नाही. घरी मुलांसाठी काही बांधायचं ठरलं तेव्हा मला हेच हवं होतं. उलगडता येईल, हलवता येईल, मुलांच्या अंगाबरोबर वाढेल असं काहीतरी. बागेतल्या तयार घसरगुंडीला हे जमत नाही. ती तीन वर्षांच्या मुलालाही तेवढीच असते आणि दहा वर्षांच्या मुलीलाही.

आमच्या परसातल्या चढाईच्या भिंतीचा सांगाडा लोखंडी आहे. तो गावातल्या फॅब्रिकेटरने वेल्डिंग करून दिला, आम्ही त्याला रेडऑक्साइड आणि रंग लावला. त्यावर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय. इथपर्यंत सांगण्यासारखं फार नाही. खरं काम टी-नटपासून सुरू होतं.

फर्निचरचं सामान विकणाऱ्या दुकानात टी-नट मिळतं. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, तिला जोडून एक आखूड नळी, नळीत आटे आणि चकतीच्या कडेला वळलेले दात. प्लायला भोक पाडून मागच्या बाजूने ते हातोडीने ठोकलं की दात लाकडात रुततात. पुढून होल्डमधून दहा मिलिमीटरचा बोल्ट घालून पिळला की होल्ड आणि नट मधला प्लाय दोन्हीकडून आवळतात. चढणाऱ्याचं वजन पेलतो तो हा आवळ. भोक मात्र नेहमी चढायच्या बाजूनेच पाडायचं. ड्रिलचं टोक बाहेर पडताना चिलपे उडतात, ते मागे उडालेले बरे. पुढे उडाले तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी तळहातात शिरतील.

थोरलीने प्लायवर दर वीस सेंटिमीटरला रेघा आखल्या आणि एक ओळ सोडून दुसरी ओळ अर्ध्या मापाने सरकवली. धाकटा मागे बसून नट ठोकत होता. ठोकताना नळी तिरकी झाली तर बोल्ट आट्यात बसत नाही, त्यामुळे प्रत्येक नटात तो आधी हाताने बोल्ट फिरवून बघे आणि मगच पुढच्याला हात लावी. ही सवय त्याला कुणी लावली नाही. पुढून बहीण ओरडायची, "हा जात नाहीये रे!" आणि दोष त्याच्याकडे जायचा, एवढं पुरे होतं.

होल्ड अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, केले. त्यांचे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. जुन्या गॅझेटिअरांत पनवेलचा उल्लेख चाकं बनवणारं गाव म्हणून येतो, तो हाच धंदा. अप्पांनी स्वतः चाक कधी केलं नाही, पण लाकूड हातात घेतलं की आधी रेषे कुठे जातात ते बघायचं, हे त्यांच्या बोटांत आहे. वखारीतून सागवानाचे तुकडे आणले. बोटांनी धरायच्या कडेला रेषे समांतर हवेत. आडवे आले तर कड एक दिवस सालपटासारखी सुटून येते. कापून, कानस मारून, काचपेपर घासून प्रत्येक कड गोल केली. मी मोठ्या, अख्खा पंजा मावेल अशा होल्डचा आग्रह धरला. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. नखभर कडांवर वारंवार लटकून ती दुखावते आणि किशोरवयीन चढाईपटूंमध्ये ही दुखापत नेहमी दिसते. बारीक कडा नंतर येतील, हाडं पक्की झाल्यावर.

भिंतीशेजारी एक सुती दोर आहे, तो माझा. लहानपणी मी दोरीचा मल्लखांब केला. पायाच्या अंगठ्यात दोर धरून अढी घालायची आणि हात सोडून द्यायचे, ही भीती एकदा अंगातून गेली की पुढे कर्नाळ्याच्या वाटेवर किंवा कलावंतीणच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर पाय डगमगत नाही. पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं. माझ्या मते त्याच्या इतकं साधं आणि पूर्ण चढाईचं साधन दुसरं नाही. गुळगुळीत खांब, थोडं एरंडेल, किंवा नुसता एक दोर. बाकी सगळं शरीराने करायचं.

कलावंतीणवरून आल्यावर थोरलीने एक गोष्ट केली. तिथल्या काही पायऱ्या तिच्या गुडघ्याच्या वर येत होत्या, तिला हातांचा टेका घ्यावा लागला. घरी आल्यावर तिने भिंतीच्या खालच्या दोन ओळी उतरवल्या आणि धाकट्याला उभं करून त्याच्या गुडघ्याच्या मापाने पुन्हा बसवल्या. रूट सेटरचं काम यापेक्षा वेगळं काय असतं? दुसऱ्याच्या अंगाचं माप आपल्या डोक्यात ठेवायचं.

बापाने मुलांसाठी घरी बांधलेल्या चढाईच्या साधनाची एक खरी कथा मला फार आवडते. चार्ल्स हॉवर्ड हिंटन हा इंग्रज गणिती. जपानमध्ये शिकवत असताना त्याने आपल्या मुलांसाठी बांबूंची चौकट उभारली: उभे, आडवे आणि आत जाणारे बांबू, तिन्ही दिशांना आकडे. तो तीन आकडे पुकारायचा आणि मुलं त्या सांध्याकडे झेपावायची. त्याला मुलांच्या अंगात तीन मिती मुरवायच्या होत्या, म्हणजे पुढे त्यांना चौथीचा विचार करता येईल. मुलांनी चढणं तेवढं उचललं. त्यांतला सेबॅस्टियन मोठा होऊन पेटंटचा वकील झाला, शिकागोजवळ राहायला गेला आणि वडिलांची चौकट आठवून त्याने १९२० च्या सुमारास जंगल जिम घडवलं. १९२३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. जगभरच्या शाळांच्या मैदानांतले लोखंडी पिंजरे तिथून आले. आणखी एक धागा इथवर येतो. सेबॅस्टियनची आजी मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. सर्वात उंच शिखराचं नाव आणि मुलांचा पिंजरा एकाच घराण्यातले, हे कळल्यावर धाकटा दिवसभर ते सगळ्यांना सांगत सुटला. आता आमच्या भिंतीवर आडव्या ओळींना अक्षरं आहेत, उभ्यांना आकडे. अप्पा खुर्चीवरून पुकारतात, "ग पाच! च दोन!" आणि दोघं धावतात.

सुरक्षिततेत मी कुणाचं ऐकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी एक पुस्तिका आहे, तिच्यातले काही आकडे मला तोंडपाठ आहेत. साडेतीन इंचांहून मोठी आणि नऊ इंचांहून लहान अशी बंदिस्त फट कुठेही ठेवायची नाही, कारण मुलाचं अंग पायाकडून तिच्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. साधनाच्या चहूबाजूंना सहा फूट मोकळी, मऊ जागा हवी. गवत आणि माती मऊ धरायची नाही. दाबून नऊ इंच राहील एवढी वाळू चार फुटांवरून पडण्यापुरती, लाकडाचे तुकडे त्याहून जास्त उंचीला चालतात. आमच्याकडे खाली वाळू आणि भिंतीलगत जुन्या गाद्यांची जाड थप्पी आहे. चढताना ओढणी, गळ्यातला गोफ, सायकलचं हेल्मेटसुद्धा काढून ठेवायचं. हेल्मेट अडकलं तर फास बसतो. आणि मुलाला उचलून वर कधीच ठेवायचं नाही. जिथवर ते स्वतः पोचतं, तिथवरच जाऊ द्यायचं.

पहिल्या चढाईआधी मोठ्यांनी लटकायचं हा आमचा शिरस्ता. झोका उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत गेला तर तळाशी येताना दोरावर अंगाच्या दुप्पट ताण येतो, हे शाळेच्या पदार्थविज्ञानात बसणारं गणित आहे. म्हणून दोराला मी, नवरा आणि अप्पा एकदम लोंबकळलो. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "अगं, सगळे मिळून काय करताय?" धाकटा सांध्यावर नजर लावून बसला होता, तो मान न वळवता म्हणाला, "तपासतोय, काकू."

मला या सगळ्या खटाटोपातून जे हवं होतं ते इथे दिसतं. तयार साधनावर मूल चढतं तेव्हा ते कुणा अनोळखी माणसावर विश्वास ठेवतं आणि आपण तसा तो ठेवला आहे हे त्याला कळतही नाही. इथे नट त्याने ठोकलाय. "आई, हा फिरतोय," असं म्हणून तो अर्ध्यातून खाली येतो, ॲलन की आणतो, बोल्ट आवळतो, होल्ड फिरू नये म्हणून बाजूला मारलेला स्क्रू बघतो आणि पुन्हा चढतो. चढाईतला हा भाग मी दहा प्रशिक्षकांकडून शिकवून घेऊ शकले नसते.

पनवेलचा पावसाळा या भिंतीचा खरा परीक्षक. जूनच्या आधी सुती दोर उतरून माळ्यावर जातो, नाहीतर तो कुजतो. पिवळा प्लास्टिकचा दोर कुजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून वजन पेलायला तो मी घेतच नाही. प्लायच्या कापलेल्या कडा रंगाने बंद केल्या तरी पाणी वाट शोधतं. होल्ड सगळे उतरवतो, बोल्टना ग्रीस लावून डब्यात भरतो, वर ताडपत्री. चार महिने भिंत नुसती भोकांची राहते. गणपतीनंतर वेल्डिंगचा एकेक सांधा तारेच्या ब्रशने घासून बघतो. कुठे पापुद्रा सुटला असेल तर तिथे आधी गंज काढतो आणि मग रंग लावतो.

यंदा हातांनी लटकत जायची आडवी शिडी जोडायची आहे. धाकट्याला दांड्या फूटभर अंतरावर हव्यात, थोरलीला दीड फुटावर. म्हणून दांड्या वेल्ड न करता यू-क्लॅम्पने बसवायचं ठरलंय. फॅब्रिकेटर एक इंची पाइप म्हणतो. पण पाइपचं इंची माप आतलं. बाहेरून तो ३३ मिलिमीटरच्या पुढे भरतो आणि धाकट्याची बोटं अंगठ्याला भेटत नाहीत. पाऊण इंची बाहेरून २७ भरतो, त्यावर मूठ बसते. तो वाकेल का याची शंका फॅब्रिकेटरला आहे, म्हणून जाड भिंतीचा सी क्लास पाइप पाच फुटांचा कापून दोन विटांच्या थप्प्यांवर टेकवलाय, मधोमध नवरा उभा आहे, आणि थोरली पट्टी लावून किती वाकला ते वहीत लिहून घेते आहे.