ओपन इलेक्टिव्ह: मार्क कशात पडतात जी?

कॉलेजात प्रवेश झाला की पालकांचे फोन सुरू होतात. मुख्य विषय ठरलेला असतो, गाडी अडते ती ओपन इलेक्टिव्हपाशी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्याकडे हा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. म्हणजे बीए-बीकॉमच्या मुलांनाही विज्ञानाचा एखादा विषय शिकता येतो. पण पालकांचा प्रश्न एकच, "मार्क कशात पडतात जी?"

यंदा माझ्या एका माजी विद्यार्थिनीने विचारलं. बीएला आहे, घरी कापसाची शेती. कॉलेजच्या यादीत कॉम्प्युटर होतं, आहारशास्त्र होतं आणि भूशास्त्राची ओळखही होती. "मॅडम, भूशास्त्र कोणीच घेत नाही म्हणतात. बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे, कामी पडते."

बाबांचं काही चूक नाही. फी त्यांच्या खिशातून जाते. तरी मी तिला विचारलं, गिरडला गेली आहेस ना?

समुद्रपूर तालुक्यातलं गिरड आणि टेकडीवरचा शेख फरीदबाबांचा दर्गा तुम्हालाही ठाऊक असेल. तिथे गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगडाचा झाला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथा आपल्या जागी राहू द्या. भूशास्त्र त्याच दगडाला झिओलाइट म्हणतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि पाण्यातली खनिजं साचत गेली. भोवतालचा काळा दगड झिजला की हे गोळे सुटे होतात.

आणि तो काळा दगड झिजून काय होतं? तिच्या बाबांचं वावर! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी धरते आणि सोडते. बाबांना हे अनुभवाने माहीत आहे. कारण पोरीला सांगता आलं, तर घरात एक वेगळंच बोलणं सुरू होईल. मला तरी हे मार्कांपेक्षा मोठं वाटतं.

जाता जाता सांगते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, शाळा चालवायचे. दगड हा त्यांचा जोडविषयच. पण नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात त्यांनी जीवाश्म शोधले.

तिने भूशास्त्र भरलं आहे. दोन मैत्रिणींनाही ओढलंय. ओढावंच लागतं, कारण पुरेशी मुलं आली नाहीत तर कॉलेज तो विषय सुरूच करत नाही. मग "कोणीच घेत नाही" हे दरवर्षी आपोआप खरं ठरतं.

पालकांनो, फॉर्म भरण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. शिकवणार कोण, शिवार-सहल आहे का, की नुसत्या नोट्स? आणि तास किती वाजता? एसटीने येणाऱ्या मुलींसाठी हा प्रश्न सगळ्यात आधीचा. तास शेवटी असेल आणि गावाची गाडी त्याआधी सुटत असेल, तर चार-पाच पालकांनी मिळून प्राचार्यांना भेटा, वेळ बदलून मागा.